रीफ टँकमधलं शेवाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या रीफ टँकविषयी, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेल्या टाकीविषयी, येणाऱ्या प्रश्नांत शेवाळाचे प्रश्न सर्वांत जास्त, आणि त्यातले बहुतेक ‘काय टाकू?’ इथे येऊन थांबतात. त्याआधी ‘उगवलंय काय?’ हे कळायला हवं, कारण एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी ठरतो. म्हणून ओळखीचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि औषधांचे मागे. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिकडे वळा.

१. रीफ टँकमध्ये शेवाळ अजिबात दिसू नये, असं असतं का?

नाही. काचेवर दर दोन-तीन दिवसांनी हिरवट थर येणं अगदी सामान्य आहे. तो पुसायचा, एवढंच. खडकांवर चढणारं जांभळं-गुलाबी कोरॅलाईन शेवाळ तर हवंच असतं. ते कडक आणि चुनखडीचं असतं, आणि त्याने व्यापलेल्या जागेवर दुसऱ्या शेवाळाला सहजासहजी पाय रोवता येत नाहीत.

समुद्रातल्या रीफवर शेवाळ उगवतच नाही, असा अनेकांचा समज असतो. उगवतं आणि भरपूर उगवतं, पण ते उगवताच खाल्लं जातं. खाणारे गेले की काय होतं ते कॅरिबियन समुद्रात दिसलं. १९८३ साली तिथे लांब काळ्या काट्यांच्या, शेवाळ खाणाऱ्या डायडेमा सी अर्चिनवर (अर्चिन म्हणजे काटेरी गोल समुद्री प्राणी) रोग आला आणि त्यातले ९० टक्क्यांहून जास्त मेले. शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच संपत आले होते, १९८० च्या ॲलन वादळाने कोरल मोडले होते. जमैकाच्या रीफवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक भाग कोरलने व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ५ टक्क्यांच्याही खाली गेला आणि बाकी जागा शेवाळाने घेतली. घरच्या टँकमध्ये हे खाणाऱ्यांचं काम निम्मं प्राण्यांनी आणि निम्मं तुमच्या हातांनी करायचं असतं.

२. टँक लावून महिनाही झाला नाही आणि वाळू, काच, खडक सगळं तपकिरी झालंय. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. हे डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ, आहेत. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. नव्या वाळूतून, खडकांतून आणि पाण्यातून आलेलं सिलिकेट वापरून ते वाढतात आणि ते संपत आलं की काही आठवड्यांत ओसरतात. बोटाने सहज पुसली जाणारी तपकिरी धूळ असेल तर काहीही टाकू नका. दोन-तीन महिन्यांनंतरही जात नसेल तर पाणी तपासा (प्रश्न ५). धुळीऐवजी बुडबुडे अडकलेले चिकट धागे दिसत असतील तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, प्रश्न ११ वाचा.

३. माझ्या टँकमध्ये नेमकं कोणतं शेवाळ आहे, हे घरी कसं ओळखू?

आधी हात लावून पाहा. चिमटीत धरून ओढल्यावर हिरवे मऊ धागे तुटून आले तर ते हेअर ॲल्गी. धाग्याला मधे देठ आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक फांद्या असतील तर ब्रायोप्सिस. फांद्या आहेत की नाहीत हे टँकमध्ये ठरवणं अवघड जातं, म्हणून एक धागा पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून बघा. चकचकीत हिरवे गोल मणी म्हणजे बबल ॲल्गी. आखूड, राठ, ओढूनही न निघणारं गवत म्हणजे टर्फ. लाल-जांभळा किंवा काळपट हिरवा थर सायीसारखा सलग सोलून निघत असेल तर ते सायनो, आणि ते मुळात शेवाळच नाही (प्रश्न १०).

खरी गल्लत तपकिरी गोष्टींत होते. डायटम, सायनोचे काही प्रकार आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, म्हणजे डायनो, वरवर सारखेच दिसतात. डायनो बऱ्याचदा रात्रीतून विरतात, सकाळी टँक स्वच्छ दिसतो आणि दुपारपर्यंत सगळं परत येतं. खात्री करायला थोडा थर टँकच्याच पाण्यासोबत बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा शेंबडासारखे गोळे जमले तर डायनो. सायनो असं परत जमत नाही.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर प्रश्नच मिटतो. ४०० पट मोठं करून पाहिलं की डायटम होडीच्या आकाराचे दिसतात, सायनोच्या बारीक साखळ्या दिसतात आणि डायनो चक्क हलताना दिसतात. मुलांसाठी मिळणारा साधा सूक्ष्मदर्शकही याला पुरतो. माझ्या मते रीफ टँक ठेवणाऱ्याने पहिलं औषध घेण्याआधी ही वस्तू घ्यावी.

४. टेस्टमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात. मग शेवाळ वाढतंय कशावर?

टेस्ट किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. शेवाळाने जे आधीच शोषून घेतलं ते त्यात येत नाही. मासे रोज खातात म्हणजे फॉस्फेट रोज येतंय. टँकभर हेअर ॲल्गी आणि टेस्ट शून्य याचा अर्थ आवक नाही असा होत नाही, आवक होते तितकी शेवाळ उचलतं, असा होतो.

दुसरी गोष्ट खडकांची. खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि फॉस्फेट त्यावर चिकटून बसतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना खडक ते साठवतात, कमी झालं की परत सोडतात. म्हणून फॉस्फेट शोषणारं माध्यम लावल्यावर आकडा पडतो आणि काही दिवसांत पुन्हा चढतो. माध्यम खराब निघालं म्हणून लोक वैतागतात, पण खडक रिकामे होईपर्यंत हे चालणारच. कुणाच्या तरी जुन्या टँकमधले खडक घेतले असतील तर ते महिनोन् महिने चालू शकतं.

तिसरं, टेस्टची अचूकता. रंग जुळवायच्या फॉस्फेट टेस्टमध्ये ० आणि ०.०५ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. डिजिटल मीटर वापरत असाल तर तो फॉस्फेट दाखवतो की फॉस्फरस ते पाहा. फॉस्फरसच्या आकड्याला साधारण ३.०७ ने गुणलं की फॉस्फेट मिळतं. मीटरवर १० पीपीबी (अब्जात इतके भाग) फॉस्फरस म्हणजे सुमारे ०.०३ पीपीएम फॉस्फेट.

बहुतेक मिश्र रीफ टँकसाठी नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही चांगली पट्टी आहे. शून्य हे ध्येय ठेवू नका. कोरललाही खायला लागतं, आणि खरोखरच शून्य झालेल्या पाण्यात सर्वांत त्रासदायक पाहुणा येतो (प्रश्न ११).

५. पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरलं तर चालेल ना?

सहसा नाही. पिण्याच्या आरओमधून निघालेल्या पाण्यात क्षार उरतात, काही यंत्रं तर चवीसाठी ते परत घालतात. रीफसाठी आरओनंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा, टप्पा लागतो आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ० यावा लागतो. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी रोज भरताना आपण प्रत्येक वेळी थोडं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आत सोडत असतो, आणि बाष्पीभवनाने ते कधीच बाहेर जात नाही.

एक खाच आहे. रेझिन संपत आलं की सगळ्यांत आधी सिलिका निसटते, आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. मीटर ० दाखवत असताना जुन्या टँकमध्ये डायटम परतले तर रेझिन बदलून पाहा.

६. लाईट कमी केले की शेवाळ जाईल का?

कमी होईल, जाणार नाही. तेवढाच उजेड कोरललाही हवा असतो. दिवे दिवसाला आठ-नऊ तासांपेक्षा जास्त चालत असतील तर जरूर कमी करा, खिडकीतलं थेट ऊन टँकवर येत असेल तर पडदा लावा. तीन दिवस पूर्ण अंधार हा उपाय डायनो आणि सायनोवर इतर उपायांच्या जोडीला वापरता येतो. हेअर ॲल्गीवर नुसत्या अंधाराचा भरवसा धरू नका, पोषण तसंच राहिलं तर दिवे लागल्यावर ती परत येते.

७. खडकांवर हिरव्या केसांचं रान माजलंय. सुरुवात कुठून करू?

हातांपासून. बाटलीतलं काही टाकण्याआधी जितकं शेवाळ बाहेर काढता येईल तितकं काढा. शेवाळाने शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट त्याच्याच अंगात साठलेलं असतं, म्हणून बाहेर टाकलेली प्रत्येक मूठ म्हणजे टँकमधून गेलेलं खत. ते आतच मारलं तर सगळं खत पाण्यात परत येतं. एका हाताने उपटा आणि दुसऱ्या हातात सायफनची नळी तिथेच धरा, म्हणजे तुटलेले धागे तरंगत दुसरीकडे रुजणार नाहीत. खडक सुटा होत असेल तर बाहेर काढून बादलीतल्या खाऱ्या पाण्यात ताठ ब्रशने घासा. गोडं पाणी वापरलं तर खडकातले उपयोगी जीव मरतील.

मग पाण्याचा प्रवाह बघा. शेवाळ कुठे सर्वांत दाट आहे? बहुधा तिथेच कचरा साचतोय. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारा पंप) वळवा, खडकांमागची घाण महिन्यातून एकदा पंपाने उडवून सायफन करा, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर तीन-चार दिवसांनी बदला. हे काम कंटाळवाणं आहे आणि कुणालाच ते उत्तर म्हणून आवडत नाही, पण फरक इथेच पडतो.

खाणं: गोठवलेलं अन्न विरघळल्यावरचं पाणी ओतून द्या, माशांनी दोन मिनिटांत संपवावं इतकंच घाला. उपाशी मात्र ठेवू नका.

एवढं झाल्यावर आकडे पाहा. फॉस्फेट ०.१ च्या बरंच वर असेल तर फेरिक ऑक्साईडचं माध्यम वापरा, पण सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा. फॉस्फेट एकदम पडलं की ॲक्रोपोरासारख्या कोरलची टोकं पांढरी पडू लागतात. लँथेनम क्लोराईड स्वस्त आणि वेगवान आहे. त्याचा गढूळ साका मात्र माशांपर्यंत पोहोचता कामा नये, टँग माशांना त्याचा विशेष त्रास होतो. थेंब-थेंब सोडून बारीक सॉकमधून गाळणं जमत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शेवाळ खाणारे प्राणी यानंतर आणा (प्रश्न ८). लांब वाढलेल्या केसांना त्यांतले बहुतेक तोंड लावत नाहीत, तुम्ही छाटलेलं मात्र वाढू देत नाहीत. टँक बदललेला दिसायला दोन-तीन महिने लागतात.

८. शेवाळ खायला कोणते प्राणी ठेवू?

गोगलगायींत माझी पहिली पसंती ट्रोकसला. उलटी पडली तर ती स्वतः सरळ होते. ॲस्ट्रियाला ते जमत नाही, ती वाळूवर उलटी पडून मरते. टर्बो खाते भरपूर, पण न चिकटवलेले कोरल ढकलून पाडते. सेरिथ वाळूत काम करते. नॅसेरियस शेवाळ खातच नाही, ती उरलंसुरलं अन्न आणि मेलेलं खाते. तिला शेवाळासाठी विकणारे खूप आहेत. हर्मिट खेकडे खातात, पण शंखासाठी गोगलगायी मारतात.

टक्सीडो अर्चिन टर्फसारख्या राठ शेवाळावरही चालतो, कोरॅलाईन मात्र तोही खरवडतो. सी हेअर (गोगलगायीच्या जातकुळीतला मऊ प्राणी) हेअर ॲल्गीचा फडशा पाडतो आणि मग उपाशी मरतो. तो पंपात अडकला तर वेगळंच संकट. म्हणून काम झाल्यावर तो कुणाला देणार ते ठरवूनच आणा.

माशांमध्ये टँग आणि फॉक्सफेस उत्तम, पण जागा लागते. यलो टँग सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि सतत पोहतो, त्याला छोट्या टँकमध्ये ‘शेवाळापुरता’ आणणं अन्याय आहे. फॉक्सफेसच्या काट्यांत विष असतं, टँकमध्ये हात घालताना तो कुठे आहे ते पाहा.

९. शेवाळानेच शेवाळ घालवता येतं म्हणे. रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा, खरंच चालतं?

चालतं. नको तिथे उगवणारं शेवाळ हवं तिथे उगवायला लावायचं, ही यामागची कल्पना. स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात जाळीवर शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करणारं यंत्र, ॲल्गी टर्फ स्क्रबर, विकसित केलं. घरी बहुतेक जण संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) कीटोमॉर्फा, म्हणजे कीटो, हे हिरवं शेवाळ वाढवतात. तिचे दिवे रात्री लावले तर मुख्य टँकचा पीएच रात्री फार घसरत नाही.

दोन अटी. कीटो नियमित कापून बाहेर टाकली तरच उपयोग, नुसती वाढवून ठेवली तर पोषण आतच राहतं. आणि कॉलर्पा हे शेवाळ टाळा. ती अधूनमधून सगळी एकदम प्रजननपेशी सोडून विरघळते, पाणी दुधाळ होतं आणि साठवलेलं सगळं परत येतं.

१०. लाल चिकट थर रोज काढतो, रोज परत येतो. यावर काय?

हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. काही जाती हवेतला, म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वापरू शकतात, त्यामुळे नायट्रेट शून्य केल्याने त्या हटत नाहीत. उलट नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शिल्लक अशा टँकमध्ये त्यांचं फावतं. सायफनने काढत राहा, थर जमतो तिथला प्रवाह वाढवा, वाळूतली घाण काढा, नायट्रेट कमी करायला जिवाणूंचं अन्न म्हणून व्होडका किंवा व्हिनेगरचा डोस देत असाल तर तो कमी करा.

एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने सायनो दोन-तीन दिवसांत जातं. पण मरताना आणि कुजताना ते ऑक्सिजन खातं, आणि माशांचे जीव बऱ्याचदा औषधाने नव्हे तर यामुळे जातात. वापरायचंच असेल तर आधी हाताने शक्य तितकं काढा आणि एअर स्टोन पूर्ण वेळ चालू ठेवा. मूळ कारण तसंच राहिलं तर महिन्याभरात थर परत दिसेल.

११. तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यात बुडबुडे, गोगलगायी मरतायत. पाणी बदललं तर आणखी वाढतं!

हे डायनो, आणि इथे आतापर्यंतचे बरेच सल्ले उलटे होतात. डायनो बहुतेकदा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलेल्या टँकमध्ये, त्यातही कोरड्या खडकांवर नव्याने उभारलेल्या टँकमध्ये माजतात. स्पर्धक उपाशी मरतात आणि मैदान यांना मोकळं मिळतं. म्हणून फॉस्फेटचं माध्यम काढा, पाणी बदलणं काही काळ थांबवा, स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र) कमी चालवा, आणि गरज पडल्यास सोडियम नायट्रेट व सोडियम फॉस्फेट घालून नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास ठेवा. रोज मोजा, कारण सुरुवातीला घातलेलं फॉस्फेट खडक गिळतात.

पुढचं जातीवर अवलंबून. ऑस्ट्रिओप्सिस थेंबाच्या आकाराची असते आणि एका टोकाशी बांधल्यासारखी गोल फिरते. ती रात्री पाण्यात तरंगते, म्हणून पुरेशा ताकदीचा यूव्ही (समोरून जाणारं पाणी निर्जंतुक करणारा दिवा) तिच्यावर फार चांगला चालतो, विशेषतः तीन दिवसांच्या अंधारासोबत. ॲम्फिडिनियम लंबगोल असते, वाळूतच राहते, त्यामुळे यूव्हीपर्यंत येतच नाही. तिथे अनेक जण मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात आणि त्यांच्याकरवी तिची जागा घेतात. जात न बघता यूव्ही विकत घेणं हा या प्रश्नातला सर्वांत महाग घोटाळा.

ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली विषं शोषणारा कोळसा) चालू ठेवा, काही डायनो विष सोडतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिओप्सिस माजली तेव्हा समुद्राचे तुषार श्वासात गेल्याने सुमारे २०० लोकांना उपचार घ्यावे लागले. सायफनची नळी तोंडाने ओढू नका आणि काम झाल्यावर हात धुवा.

१२. हिरवे मणी फोडले तर ते पसरतात का?

फोडल्याने पसरतातच असं नाही, पण फोडायची गरजही नाही. बबल ॲल्गीचा, म्हणजे व्हॅलोनियाचा, मोठा मणी ही बऱ्याचदा एकच पेशी असते. बुडाशी पातळ पट्टी किंवा नख सरकवून अख्खा सोडवा. खडक निघत असेल तर बाहेर काढून करा. एमराल्ड खेकडा हे मणी खातो, पण सगळेच खेकडे खातात असं नाही, आणि मोठा झाल्यावर तो इतर गोष्टींकडेही वळतो.

१३. ब्रायोप्सिस कशानेच जात नाही. फ्लुकोनॅझोल वापरू का?

ब्रायोप्सिसची खात्री असेल (प्रश्न ३) तर हो, माझ्या मते पोषण कमी करत बसण्यापेक्षा हेच बरं. कारण बहुतेक प्राणी तिला तोंड लावत नाहीत. हे माणसांसाठीचं बुरशीविरोधी औषध आहे. प्रचलित मात्रा लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम. टँकचं नाही, खडक-वाळू वजा जाता पाण्याचं माप धरा. कार्बन आणि यूव्ही बंद ठेवा. पहिला आठवडा काहीच घडत नाही आणि लोक घाबरून दुसरा डोस घालतात. घालू नका. दुसऱ्या आठवड्यात ती फिकी पडते. दोन-तीन आठवड्यांनी पाणी बदला आणि कार्बन लावा. मेलेलं शेवाळ काढलं नाही तर त्याच खतावर पुढचं उगवेल.

मॅग्नेशियम १६०० पीपीएमच्या वर नेणं हा जुना उपाय. काहींना तो लागू पडला, पण गोगलगायींना मानवत नाही.

१४. हायड्रोजन पेरॉक्साईड थेट टँकमध्ये घालू का?

थेट नको. क्लीनर आणि पेपरमिंट कोळंबी त्याने मरू शकतात. बाहेर काढता येणाऱ्या कोरलच्या बुडावर किंवा खडकावर मात्र ३ टक्के पेरॉक्साईड ब्रशने लावणं उपयोगी आहे. कोरलच्या मांसल भागावर जाऊ न देता मिनिटभर ठेवा, खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. नवीन कोरल आणतानाही हाच उपाय. कोरलचे नेहमीचे डिप, म्हणजे कोरल बुडवायची द्रावणं, किडे मारतात, शेवाळ नाही. ब्रायोप्सिस आणि बबल ॲल्गी बहुधा प्लगवर, म्हणजे कोरल चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर, बसूनच येतात, त्यामुळे जमेल तिथे प्लग तोडून टाकावा.

१५. कंटाळा आला. सगळे खडक उकळून नव्याने सुरुवात करतो.

उकळू नका, कधीच. खडकावर पॅलिथोआ किंवा त्याच्यासारखी बटण पॉलिप (कोरलच्या जातकुळीतले बटणासारखे जीव) असतील तर पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष वाफेतून श्वासात जातं, आणि घरच्या घरी खडक उकळून किंवा त्यावर गरम पाणी ओतून अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. असे खडक घासतानाही हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा.

उकळणं टाळलं तरी निर्जंतुक खडकाचा फायदा थोडाच. मोकळा पृष्ठभाग जो आधी येईल त्याचा होतो, आणि आधी शेवाळच येतं. तुम्ही पुन्हा प्रश्न २ पासून सुरू कराल, कदाचित ११ वर पोहोचाल. एखादा खडक फारच हाताबाहेर गेला असेल तर तेवढाच काढून काही आठवडे अंधाऱ्या, झाकलेल्या पिंपात खाऱ्या पाण्यात पंप आणि हीटर लावून ठेवा. शेवाळ मरतं, जिवाणू टिकतात.

१६. हेअर ॲल्गी आणि डायनो एकाच वेळी आहेत. एकाला पोषण कमी हवं, दुसऱ्याला जास्त. मग?

आधी डायनो. हेअर ॲल्गी दिसायला वाईट आहे, पण ती हळू चालते. डायनो ज्या गोगलगायी मारतात त्याच तुम्हाला पुढे हेअर ॲल्गीसाठी लागणार आहेत. शिवाय पाणी शून्यावर बऱ्याचदा हेअर ॲल्गीनेच आणलेलं असतं. म्हणून नायट्रेट-फॉस्फेट प्रश्न ११ मध्ये दिल्याप्रमाणे वर न्या, केस फक्त हाताने उपटा, आणि एका वेळी खडकांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग साफ करू नका, नाहीतर मोकळी झालेली जागा डायनो घेतील. फ्लुकोनॅझोल, माध्यमं, नवे प्राणी सगळं थांबवा. सूक्ष्मदर्शकाखाली सलग दोन-तीन आठवडे डायनो दिसले नाहीत की प्रश्न ७ कडे वळा.